मूत्रसंस्थेच्या इजांचे कोडिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईत बसून अमेरिकी रुग्णालयांचे चार्ट कोड करणाऱ्या, म्हणजे रुग्णनोंदींतल्या निदानांना ठरावीक कोड देणाऱ्या मराठी कोडरांकडून ट्रॉमा आणि युरॉलॉजीबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. किडनी, युरेटर म्हणजे मूत्रवाहिनी, मूत्राशय आणि युरेथ्रा म्हणजे मूत्रमार्ग या चार अवयवांवर भर आहे. कोड देवनागरीत लिहिले आहेत. एस, एन, ओ, टी, एक्स, ए ही अक्षरे सॉफ्टवेअरमध्ये अर्थातच रोमन लिपीत येतात. कोडच्या शेवटी आडवी रेघ असेल तर पुढची अक्षरे अजून भरायची आहेत असे समजा.

१. हे सगळे कोणत्या कोडसंचाबद्दल आहे? भारतातल्या आयसीडी-१० ला हेच लागू होते का?

आयसीडी-१०-सीएम हा अमेरिकेचा निदानसंच आहे. तिथे तो १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झाला आणि दरवर्षी १ ऑक्टोबरला त्याची नवी आवृत्ती येते. डिस्चार्ज किंवा भेट ज्या तारखेची, त्या तारखेला लागू असलेली आवृत्ती वापरायची. तुम्ही चार्ट कधी उघडला याचा त्याच्याशी संबंध नाही.

भारतातल्या आयसीडी-१० ला हे जसेच्या तसे लागू होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१० मध्येही एस३७ आहे, पण तो बराच आखूड आहे. तिथे एस३७.० म्हणजे किडनीची इजा, एवढ्यावर काम भागते. डावी-उजवी बाजू, सेंटिमीटरची मापे आणि उपचाराचा टप्पा सांगणारे सातवे अक्षर या गोष्टी अमेरिकी आवृत्तीच्या आहेत. उलट, एकापेक्षा जास्त श्रोणी-अवयवांच्या इजेसाठी मूळ संचात असलेला एस३७.७ अमेरिकी संचात नाही. तिथे प्रत्येक अवयवाचा कोड स्वतंत्रपणे द्यावा लागतो.

२. एस३७ मध्ये काय काय येते?

एस३७.० किडनी, एस३७.१ युरेटर, एस३७.२ मूत्राशय, एस३७.३ युरेथ्रा. पुढे .४ अंडाशय, .५ बीजवाहिनी, .६ गर्भाशय. एस३७.८ मध्ये अधिवृक्क ग्रंथी, म्हणजे ॲड्रिनल, आणि प्रोस्टेट येतात. एस३७.९ हा अवयवच कळला नसेल तेव्हाचा.

बाजू सांगण्याची सोय आपल्या चार अवयवांपैकी फक्त किडनीला आहे: १ उजवी, २ डावी, ९ अनिर्दिष्ट. दोन्ही किडन्यांना इजा असेल तर दोन कोड द्या, कारण ‘दोन्ही बाजू’ असा कोड नाही. युरेटर दोन असूनही त्यांना बाजू नाही, हे अनेकांना खटकते. पण यादी तशीच आहे.

३. चार्ट हातात आला की सुरुवात कुठून करायची?

कारणापासून. बहुतेक चुका अवयव चुकल्याने होत नाहीत, इजा कशाने झाली हे न पाहता थेट एस३७ उघडल्याने होतात. मूत्राशय फाटल्याची नोंद घ्या. अपघाताने फाटले तर एस३७.२-, शस्त्रक्रियेत चुकून कापले गेले तर एन९९.७-, प्रसूतीत इजा झाली तर ओ७१.५, आणि बाहेरून आघात नसताना आजाराने फुटले तर एन३२.८९. अवयव एकच, पण कोड चार, तेही तीन वेगवेगळ्या प्रकरणांतले.

म्हणून आधी कारण, मग अवयव, मग इजेचा प्रकार, मग बाजू आणि माप, शेवटी सातवे अक्षर. इंडेक्समध्ये म्हणजे शब्दांच्या सूचीत शब्द शोधा आणि टॅब्युलर लिस्टमध्ये म्हणजे कोडांच्या क्रमवार यादीत तो पडताळा. एन्कोडर म्हणजे कोड शोधणारे सॉफ्टवेअर वापरत असाल तरी एक्सक्लूड्सच्या, म्हणजे त्या कोडात काय येत नाही हे सांगणाऱ्या टिपा वाचल्याशिवाय कोड पक्का करू नका. शस्त्रक्रियेसाठी प्रश्न १२, प्रसूतीसाठी प्रश्न १३ पाहा.

४. ‘एस३७.२३ए’ टाकला तर क्लेम परत आला. चूक काय?

सातवे अक्षर सातव्याच जागी हवे. एस३७.२३ मध्ये पाचच अक्षरे आहेत, म्हणून सहावी जागा एक्स टाकून भरायची: एस३७.२३एक्सए. युरेटर, मूत्राशय आणि युरेथ्राच्या सगळ्या कोडना हा एक्स लागतो. किडनीच्या कोडमध्ये सहाव्या जागी बाजू असते, म्हणून तिथे लागत नाही: एस३७.०५१ए.

५. किडनीच्या इजेची मापे नेमकी कशी वापरायची?

मुका मार म्हणजे कंट्यूजन २ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर मायनर, एस३७.०१-. २ पेक्षा जास्त असेल तर मेजर, एस३७.०२-. डॉक्टरांनी नुसते ‘किडनी कंट्यूजन’ लिहिले आणि माप दिलेच नाही, तर तो मायनरमध्येच जातो, तशी टीप एस३७.०१ खालीच आहे. माप बरोबर २ सेंटिमीटर असेल तर ते दोन्ही व्याख्यांत बसत नाही. तिथे डॉक्टरांना विचारणे हाच मार्ग.

चिरेचे म्हणजे लॅसरेशनचे तीन टप्पे आहेत. १ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर एस३७.०४-, १ ते ३ असेल तर एस३७.०५-, ३ पेक्षा जास्त असेल तर एस३७.०६-. बरोबर १ आणि बरोबर ३ हे दोन्ही मधल्या टप्प्यात येतात. लॅसरेशन लिहिले पण प्रमाण लिहिले नाही, तर एस३७.०३-. कंट्यूजनसारखे इथे आपोआप ‘मायनर’ धरता येत नाही. हा फरक ऑडिटमध्ये हमखास पकडला जातो.

एस३७.०६- मध्ये मापाशिवायही काही गोष्टी येतात: किडनी उखडली जाणे, ताऱ्यासारखी चहूकडे गेलेली चीर, प्रचंड लॅसरेशन, आणि एकाच किडनीत अनेक मध्यम लॅसरेशन. म्हणजे डॉक्टरांनी ‘अनेक मध्यम लॅसरेशन’ नोंदवली असतील, तर प्रत्येकी २ सेंटिमीटरची असली तरी कोड मेजरचा लागतो.

रेडिओलॉजीचे रिपोर्ट बहुधा मिलिमीटरमध्ये असतात. १२ मिमी म्हणजे १.२ सेमी, म्हणजे मध्यम. दशांश चिन्ह सरकले की कोड एक टप्पा वर किंवा खाली जातो.

६. चार्टमध्ये ‘ग्रेड थ्री रीनल इंजुरी’ (किडनीची तिसऱ्या श्रेणीची इजा) एवढेच आहे. ग्रेडवरून कोड काढता येतो का?

नाही. ही ग्रेड अमेरिकन असोसिएशन फॉर द सर्जरी ऑफ ट्रॉमाच्या मापपट्टीवरची असते, जी २०१८ मध्ये सुधारली गेली. तिच्यात चिरेची खोली, मूत्र गळते आहे का, रक्तवाहिनीला इजा आहे का आणि रक्तस्राव किडनीभोवतीच्या गेरोटा आवरणाच्या आत आहे की बाहेर, हे सगळे पाहिले जाते. आयसीडी-१०-सीएम फक्त सेंटिमीटर आणि काही ठरावीक वर्णने पाहते.

१ सेंटिमीटरची रेघ दोन्हीकडे असल्याने गोंधळ होतो. ग्रेड तीनमध्ये चीर १ सेंटिमीटरपेक्षा खोल असते, पण ती १.५ आहे की ४, हे ग्रेड सांगत नाही. म्हणजे एस३७.०५- आणि एस३७.०६- दोन्ही शक्य राहतात. शिवाय सुधारित मापपट्टीत चीर मोठी नसतानाही नुसत्या रक्तवाहिनीच्या इजेमुळे ग्रेड तीन मिळू शकते. डॉक्टरांनी लॅसरेशन, कंट्यूजन किंवा माप यांपैकी काहीच लिहिले नसेल तर क्वेरी, म्हणजे डॉक्टरांना खुलासा मागणारा प्रश्न, पाठवा. उत्तर आलेच नाही तर हाती राहतो तो एस३७.००-.

७. माप फक्त सीटीच्या रिपोर्टमध्ये आहे, सर्जनच्या नोंदीत नाही. चालेल का?

रुग्ण दाखल असेल तर निदान उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडूनच यायला हवे. रेडिओलॉजिस्टने लिहिलेली इजा सर्जनच्या नोंदीत कुठेच नसेल तर ती कोड करता येत नाही. ओपीडीत फक्त तपासणीसाठी आलेल्या रुग्णाबाबत मात्र डॉक्टरने वाचून दिलेल्या अंतिम रिपोर्टमधले निश्चित निदान घेता येते.

क्वेरी करताना उत्तर सुचवू नका. ‘हे मेजर लॅसरेशन आहे ना?’ असे विचारणे नियमात बसत नाही. चार्टमधली वस्तुस्थिती मांडा: सीटीमध्ये उजव्या किडनीला १८ मिमीची चीर नमूद आहे, तुमच्या नोंदीत ‘रीनल इंजुरी’ आहे, कृपया इजेचा प्रकार आणि प्रमाण स्पष्ट करावे. पर्याय दिलेच तर त्यांत ‘इतर’ आणि ‘ठरवता येत नाही’ हेही ठेवा. माप खोलीचे की लांबीचे, हे रिपोर्टमध्ये संदिग्ध असेल तर तेही याच क्वेरीत विचारून घ्या.

८. ‘अक्यूट किडनी इंजुरी’ म्हणजे एस३७.०- का?

मुळीच नाही, आणि या यादीतली सर्वांत घातक चूक हीच. चार्टमधली ‘एकेआय’ म्हणजे किडनीचे काम अचानक मंदावणे. क्रिएटिनिन वाढते, लघवी कमी होते, पण आघात नसतो. तिचा कोड एन१७.९, आणि डॉक्टरांनी ट्यूब्युलर नेक्रोसिस (किडनीतल्या नलिकांच्या पेशी मरणे) लिहिले असेल तर एन१७.०. एस३७.० खाली एन१७.९ साठी एक्सक्लूड्स २ ची टीप आहे. त्याचा अर्थ असा की दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, पण एकाच रुग्णात असू शकतात. अपघातात किडनी फाटली आणि नंतर रक्तदाब कोसळून एकेआय झाली, अशी स्वतंत्र नोंद असेल तर दोन्ही कोड द्या.

तिसरी शक्यताही लक्षात ठेवा. ढिगाऱ्याखाली किंवा यंत्रात शरीर चिरडल्यानंतर किडनी निकामी झाली, तर टी७९.५एक्सएक्सए. तिथे किडनीला थेट मार लागलेला नसतो, चिरडलेल्या स्नायूंमधून रक्तात उतरलेल्या द्रव्यांनी ती बंद पडते.

९. मूत्राशयाचे ‘रप्चर’ (फुटणे) आणि ‘लॅसरेशन’ एकच धरायचे का?

वैद्यकीय बोलण्यात ते एकमेकांच्या जागी येतात, इंडेक्समध्ये नाही. आघाताने झालेले मूत्राशयाचे रप्चर एस३७.२९ वर जाते आणि लॅसरेशन एस३७.२३ वर. युरेथ्राचेही तसेच: रप्चर एस३७.३९, लॅसरेशन एस३७.३३. युरेटरचे रप्चर एस३७.१९. किडनीचे रप्चर मात्र थेट एस३७.०६- वर, म्हणजे मेजर लॅसरेशनमध्ये जाते.

इंट्रापेरिटोनियल की एक्स्ट्रापेरिटोनियल, म्हणजे पोटाच्या आवरणाच्या आत फुटले की बाहेर, हा फरक सर्जनसाठी मोठा आहे. पहिल्यात बहुधा पोट उघडून शिवावे लागते, दुसऱ्यात अनेकदा कॅथेटरवर भागते. निदान कोडमध्ये मात्र हा फरक नाही, दोन्हींना एस३७.२९एक्सए. तो शोधत बसण्यात वेळ घालवू नका.

१०. युरेटर आणि युरेथ्राची गल्लत कशी टाळायची?

डिक्टेशनवरून टाइप झालेल्या नोंदींत ही अदलाबदल नेहमी दिसते. शब्दावर शंका आली की आजूबाजूच्या गोष्टी पाहा. रेट्रोग्रेड युरेथ्रोग्राम, मूत्रद्वारावर रक्त, श्रोणीचे फ्रॅक्चर, सुप्राप्युबिक कॅथेटर हे युरेथ्राकडे बोट दाखवतात. डीजे स्टेंट, हायड्रोनेफ्रोसिस, रेट्रोग्रेड पायलोग्राम, हिस्टरेक्टॉमी (गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया) हे युरेटरकडे. पण या खुणांवरून स्वतः दुरुस्ती करू नका. विसंगती दिसली की क्वेरी.

११. सातवे अक्षर ए, डी की एस? पहिली भेट म्हणजे ए ना?

भेटीचा क्रमांक पाहू नका, उपचाराचा टप्पा पाहा. सक्रिय उपचार चालू आहेत तोवर ए. रुग्ण दुसऱ्या रुग्णालयातून आला, नवा सर्जन पहिल्यांदाच पाहतो आहे, पण शस्त्रक्रिया आता होणार आहे, तर ए. जखम भरत आली आहे आणि रुग्ण सिस्टोग्राम (मूत्राशयाचा एक्स-रे) करून कॅथेटर काढायला आला, तर डी. जुन्या इजेने मागे ठेवलेल्या दोषासाठी आला, तर एस.

इजेच्या नंतरच्या देखभालीसाठी आफ्टरकेअरचे झेड कोड लावायचे नाहीत. ते काम डी करतो.

एस वापरताना दोन कोड लागतात: आधी आजचा दोष, मग मूळ इजेचा एस असलेला कोड. युरेथ्राच्या बल्बर भागाला दोन वर्षांपूर्वी मार लागला आणि आता तिथे स्ट्रिक्चर (मार्ग आकसणे) आहे, तर पुरुषासाठी एन३५.०११ आणि नंतर एस३७.३०एक्सएस, किंवा मूळ इजेचा प्रकार माहीत असेल तर तो. मेम्ब्रेनस भागासाठी एन३५.०१२. स्ट्रिक्चर शस्त्रक्रियेमुळे किंवा उपकरण घातल्यामुळे आले असेल तर एन३५ चालणार नाही. तिथे एन९९.१- गट आहे आणि दोघांमध्ये एक्सक्लूड्स १ ची भिंत आहे, म्हणजे दोन्ही एकत्र देता येत नाहीत.

१२. शस्त्रक्रियेत मूत्राशय किंवा युरेटर कापला गेला तर एन९९.७१ की एन९९.७२?

शस्त्रक्रिया कोणत्या संस्थेवर चालू होती ते पाहा. जनन-मूत्र संस्थेवरची असेल तर एन९९.७१, इतर कोणतीही असेल तर एन९९.७२. मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेत युरेटर कापला गेला, तर एन९९.७२. हिस्टरेक्टॉमीत कापला गेला, तर एन९९.७१, कारण गर्भाशय जनन-मूत्र संस्थेतच मोडते. ‘स्त्रीरोगाची शस्त्रक्रिया, म्हणजे इतर’ असे समजून ७२ टाकणारे बरेच आहेत.

सर्जनने मुद्दाम घेतलेला छेद गुंतागुंत ठरत नाही. घट्ट चिकटलेल्या उतींमुळे मूत्राशयाचा भाग उघडावाच लागला, असे ऑपरेशन नोटमध्ये असेल तर आधी क्वेरी करा. गुंतागुंतीचा कोड लावायला उपचार आणि इजा यांचा कार्यकारणसंबंध चार्टमध्ये हवा आणि ती इजा वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाची असायला हवी. ‘कॉम्प्लिकेशन’ हा शब्दच लिहिलेला असावा अशी अट मात्र नाही. हा कोड सर्जनच्या आणि रुग्णालयाच्या गुणवत्तेच्या आकडेवारीत जातो, त्यामुळे अंदाजाने लावणे अन्यायाचे आहे आणि असताना गाळणेही तितकेच चूक.

लिथोट्रिप्सीनंतर (मूतखडा फोडण्याच्या उपचारानंतर) किडनीभोवती रक्त साचले आणि ते त्या उपचारामुळेच अशी नोंद असेल, तर एन९९.८४०. एस३७.०१- नाही.

१३. प्रसूतीत मूत्राशय किंवा युरेथ्राला इजा झाली तर?

ओ७१.५. एस३७ खाली प्रसूतीच्या इजांसाठी एक्सक्लूड्स १ आहे, म्हणून दोन्ही एकत्र येत नाहीत. युरेथ्राच्या आजूबाजूच्या उतींचीच इजा असेल तर ओ७१.८२. गर्भपातानंतरच्या इजेसाठी त्या-त्या गर्भपाताच्या गटातला कोड, तर एक्टोपिक किंवा मोलर गर्भधारणेनंतरच्या इजेसाठी ओ०८.६.

ओ कोड फक्त आईच्या चार्टवर लागतात. जन्मताना बाळाच्या किडनीला इजा झाली तर बाळाच्या चार्टवर पी१५.८.

जुन्या प्रसूतीतल्या इजेमुळे आता मूत्राशय आणि योनी यांना जोडणारा फिस्टुला (अनैसर्गिक मार्ग) असेल, तर आधी एन८२.० आणि मग ओ९४. सातव्या अक्षराचा एस इथे चालत नाही. प्रसूतीचा मागे राहिलेला परिणाम सांगायला ओ९४ हा स्वतंत्र कोड आहे.

१४. भ्रमात असलेल्या रुग्णाने फुगा फुगलेला फॉली कॅथेटर (लघवीची नळी) ओढून काढला. कोड काय?

युरेथ्राला इजा झाल्याचे डॉक्टरांनी लिहिले आहे का, ते आधी पाहा. लिहिले असेल तर एस३७.३- मधला त्या प्रकाराचा कोड. फक्त लघवीत लाल रक्त दिसते एवढेच असेल तर आर३१.०. ओढण्याच्या घटनेवरून इजा गृहीत धरू नका. कॅथेटर जागेवरून सरकणे, गळणे किंवा तुटणे अशा यांत्रिक बिघाडांसाठी टी८३.०- गट आहे, पण तो कॅथेटरचा दोष सांगतो, युरेथ्राची जखम नाही.

१५. अपघातानंतर लघवीत लाल रक्त दिसते आहे, सीटी स्वच्छ आहे. एस३७ लावू का?

डॉक्टरांनी इजेचे निदान केले नसेल तर नाही, आर३१.० लावा. निदान केले असेल तर उलटे: किडनीच्या लॅसरेशनमध्ये रक्त येणारच, म्हणून आर३१.० वेगळा द्यायचा नाही.

‘बहुधा किडनीला मार’ अशी नोंद ओपीडीत असेल तर ती कोड होत नाही, लक्षण कोड करा. दाखल रुग्णाच्या डिस्चार्जच्या वेळीही ‘बहुधा’ कायम असेल तर मात्र ते निदान असल्याप्रमाणे कोड होते. तक्रारही नाही, इजाही सापडली नाही, फक्त निरीक्षण झाले, तर वाहन अपघातानंतर झेड०४.१ आणि इतर अपघातानंतर झेड०४.३.

१६. सोबत इतर इजा असतील तर क्रम कसा लावायचा आणि काय गाळायचे?

डॉक्टरांच्या मते सर्वांत गंभीर आणि उपचारांच्या केंद्रस्थानी असलेली इजा पहिली. त्याच जागेचे खरचटणे किंवा त्वचेवरचा मुका मार गाळायचा. किडनी फाटली असताना त्याच बाजूच्या पाठीवरच्या वळाचा एस३०- देऊ नका.

उघडी जखम मात्र गाळायची नाही. एस३७ च्या माथ्यावरच एस३१- सोबत देण्याची सूचना आहे. कमरेत चाकू लागून जखम रेट्रोपेरिटोनियमपर्यंत (पोटाच्या आवरणामागच्या जागेपर्यंत) गेली आणि डाव्या किडनीला २ सेंटिमीटरची चीर पडली, तर एस३७.०५२ए आणि एस३१.०११ए. आत काही अडकलेले नाही हे तपासून घ्या, कारण एस३१.०११ बाहेरच्या वस्तूविना असलेल्या जखमेसाठीच आहे.

किडनीची धमनी किंवा शीर फाटली असेल तर ती एस३७ मध्ये नाही, एस३५.४- मध्ये आहे. मुख्य इजा रक्तवाहिनीचीच असेल तर तो कोड आधी येतो.

एक पूर्ण उदाहरण पाहू. मोटारसायकलस्वाराची रस्त्यावर कारशी टक्कर झाली. श्रोणीची अनेक फ्रॅक्चर, श्रोणीचे कडे अस्थिर, मूत्राशयाचे एक्स्ट्रापेरिटोनियल रप्चर, युरेथ्राचे अर्धवट लॅसरेशन. कोड: एस३२.८११ए, एस३७.२९एक्सए, एस३७.३३एक्सए. पहिल्या तिघांचा आपसातला क्रम डॉक्टरांच्या नोंदीवर ठरेल. मग अपघाताच्या बाह्य कारणासाठी व्ही२३.४९एक्सए आणि जागेसाठी वाय९२.४१-. फ्रॅक्चरच्या सातव्या अक्षरांत उघड्या फ्रॅक्चरचा बी, उशिरा जुळण्याचा जी आणि न जुळण्याचा के असे जादा पर्याय असतात, ते एस३७ ला चालत नाहीत. व्ही२३.४ मध्ये इलेक्ट्रिक सायकलसाठी वेगळा कोड आहे, म्हणून जुन्या नोटांतला व्ही२३.४एक्सएक्सए टाकला तर तो अवैध ठरतो.

वाय९२ (जागा), वाय९३ (त्या वेळची कृती) आणि वाय९९ (कामावर होता की नाही) फक्त उपचाराच्या सुरुवातीच्या भेटीत, एकदाच. बाह्य कारणाचा कोणताही कोड कधीच पहिला येत नाही.

१७. शिश्नाच्या फ्रॅक्चरमध्ये युरेथ्राही फाटली आहे. हाडच नाही, मग कोड कुठला?

एस३९.८४०ए, आणि सोबत युरेथ्राचा एस३७.३-, प्रकार नोंदीप्रमाणे. हाडांच्या फ्रॅक्चरच्या एस३२ कडे जाऊ नका.

१८. मूत्रमार्गात वस्तू अडकली आहे. तीही इजाच का?

युरेथ्रातल्या वस्तूसाठी टी१९.०एक्सएक्सए, मूत्राशयातल्यासाठी टी१९.१एक्सएक्सए. तिच्यामुळे जखम झाल्याची नोंद असेल तरच सोबत एस३७. डॉक्टरांनी उपचार म्हणून बसवलेला स्टेंट किंवा कॅथेटर अडकला तर टी१९ नाही, टी८३ गट पाहा.

१९. इजा अत्याचारामुळे झाली असेल तर क्रम बदलतो का?

हो. लैंगिक अत्याचाराची डॉक्टरांनी खात्री नोंदवली असेल तर टी७४.२- आधी: प्रौढासाठी टी७४.२१एक्सए, बालकासाठी टी७४.२२एक्सए. त्यानंतर एस३७ ची इजा, ती कितीही गंभीर असली तरी. संशय एवढीच नोंद असेल तर टी७६.२-. खात्री असेल तेव्हा हल्ल्याचा बाह्य कारण कोड द्यायचा आणि अत्याचार करणाऱ्याची ओळख चार्टमध्ये असेल तर ती सांगणारा वाय०७ ही द्यायचा. नुसत्या संशयावर हे दोन्ही द्यायचे नाहीत. तपासणीत अत्याचाराचा संशय खोटा ठरला असेल तर टी७६ लावायचा नाही. प्रौढाच्या बाबतीत झेड०४.४१ आणि बालकाच्या बाबतीत झेड०४.४२ लागतो.